विहिरीवर मागे घेतलेला शब्द

वसंतराव उमाठे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझे नावही विचारले नव्हते. धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचे कार्यालय होते. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात तिथे गेले होते. वसंतरावांनी माझ्यासमोर पाण्याचे काही पेले ओळीने मांडले आणि म्हणाले, "चाखा, आणि कुठलं कुठलं ते सांगा." मी पेल्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "चाखून कसं सांगणार? तपासावं लागेल." त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी स्वतः एकेका पेल्यातला घोट घेऊन, हे काटोलकडचे काळ्या खडकातले, हे कामठीचे, हे मौद्याकडच्या नदीकाठचे, असे धडाधड सांगितले आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी विचारले, "यात काय विरघळलंय तेही सांगा ना." त्यांनी पेले आवरून ठेवले. दुसऱ्या दिवशी कामावर या, असा निरोप आला.

वसंतरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरवसमितीने माझ्याकडे 'हृद्य' लेख मागितला आहे. तसे लिहिण्याचा मला सराव नाही. आयुष्यभर मी अहवाल लिहिले. त्यामुळे वाचकांनी हा लेखही एक अहवालच समजावा. वसंतराव साठीला आले तरी त्यांना स्तुती ऐकली की खोकला येतो, हे त्यांच्या वर्तुळातल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यांना खोकला येणार नाही इतपतच मी लिहीन.

आधी त्यांच्या कामाविषयी सांगते, कारण ते काम काय आहे हे नागपुरात कित्येक वर्षे कोणालाच उमगत नव्हते. सरकारी भूजल खात्यातली बरी चाललेली नोकरी सोडून त्यांनी 'जमीन व भूजल तपासणी, सल्लागार' अशी पाटी लावली. साठचे दशक तेव्हा संपत आले होते. कुणी जागा घेणार असेल, घर किंवा कारखाना बांधणार असेल, तर त्या जमिनीच्या पोटात काय आहे, तिथे आधी काय होते, पाणी किती आणि कसे आहे, हे तपासून सांगणे हा त्यांचा व्यवसाय. लोक मात्र त्यांना नारळावरून पाणी शोधणारा पाणाड्याच समजत. जरीपटक्याचे एक कापड व्यापारी तर जिना चढून आले आणि खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, "साहेब, तुमचा नारळ दाखवा ना. हातावर उभा राहतो म्हणतात." वसंतराव शांतपणे म्हणाले, "नारळ चटणीत गेला. बसा." त्या व्यापाऱ्यांनी पुढे गोदामाची प्रत्येक जागा त्यांच्याकडूनच तपासून घेतली, पण नारळाची आशा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. कुठल्याही जागेवर गेले की ते आधी त्या जागेत पाऊल टाकत नसत. आधी शेजार. आजूबाजूच्या घरी जायचे, प्यायला पाणी मागायचे, ओट्यावर बसायचे आणि घरच्या बाईशी बोलायचे. भात कसा शिजतो, डाळ शिजायला वेळ लागतो का, कपड्यांना डाग पडतात का, इथे आधी कुणाचे शेत होते, शेड कसली होती. जागेचा मालक तिकडे उन्हात चुळबुळ करत उभा असायचा आणि हे इकडे कुणाच्या तरी सुनेला डाळीबद्दल विचारत बसलेले. मला सुरुवातीला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटे. पण मालक आपल्या जमिनीबद्दल कधी वाईट बोलत नाही, शेजारी बोलतो, हे हळूहळू माझ्या लक्षात आले.

या पाणी मागण्याच्या प्रथेत माझी एक अडचण होती. आमचे घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. माझे नाव शालिनी रामटेके. खेड्यांत आडनाव विचारले जाई आणि मग काही घरांत वसंतरावांपुढे पेला येई आणि मला ओंजळ करायची खूण होई. एकदा उमरेडच्या वाटेवरच्या एका गावात असेच झाले. वसंतरावांनी पेला हातात घेतला होता. त्यांनी तो न पिता खाली ठेवला, उठले आणि टेप काढून विहिरीचे माप घेऊ लागले. जीपमध्ये मी विचारले, "पाणी का नाही प्यायलात?" म्हणाले, "तहान नव्हती." मे महिना होता. त्या विषयावर आम्ही ना तेव्हा बोललो, ना नंतर कधी. पुढे ज्या घरी असे होई तिथे त्यांना कधीच तहान लागली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

माझे बाबा एका कापडगिरणीत विणकर होते. उमेदीची सगळी वर्षे गिरणीच्या चाळीतल्या खोलीत गेली आणि निवृत्ती जवळ येत चालली, तशी ती खोली सोडावी लागणार हे दिसू लागले. गिरणीतल्या आणि इतर काही लोकांनी मिळून एक गृहनिर्माण संस्था काढली आणि नंदनवनच्या पलीकडे एक मोकळी जागा पाहिली. महापालिकेचा नळ तिथे पोहोचायला किती वर्षे लागतील ते कोणीच सांगू शकत नव्हते. पण जागेत एक जुनी बांधलेली विहीर होती. सगळे तिच्यावरच अवलंबून होते. विहीर चांगली तर जागा घ्यायची, नाही तर नाही. संस्थेच्या सचिवांनी तपासणीचे काम वसंतरावांना दिले. मी लगेच सांगितले, "साहेब, यात माझ्या बाबांचा प्लॉट आहे." ते म्हणाले, "मग नमुने तुम्हीच तपासा. तुमच्याइतकं बारकाईनं दुसरं कोण तपासणार?"

पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा विहिरीवर अख्खी संस्था जमली होती. बायकामुले, सतरंजी, हार, चहाची किटली. बाबा धुतलेले धोतर नेसून पुढेच उभे होते. विहीर काठोकाठ भरलेली. कुणीतरी बादली टाकून पाणी काढले, चकचकीत घासलेला पितळी पेला भरला आणि वसंतरावांच्या हाती दिला. आणि इथे वसंतरावांनी जन्मभर पाळलेली पद्धत मोडली. शेजार बाजूला राहिला. इतकी माणसे तोंडाकडे पाहत होती आणि त्यांच्या जिभेची कीर्ती गावभर पसरली होती. त्यांनी घोट घेतला, तोंडात खेळवला आणि म्हणाले, "गोड आहे. खुशाल घ्या जागा."

टाळ्या पडल्या. हार वसंतरावांच्या गळ्यात गेला. बाबांनी मला बाजूला घेतले, "शालू, ऐकलं ना? तुह्या साहेबानं शिक्का मारला." मी म्हणाले, "बाबा, अजून तपासायचं आहे." ते हसले. "तपास ना. कोण नाही म्हणते?"

नमुना तळाचा घ्यायचा, हे वसंतरावांनीच मला शिकवले होते. पावसानंतर वर तरंगते ते पावसाचे पाणी असते. जमिनीतून झिरपून येणारे खाली असते. बादलीने वरचे पाणी आले होते. मी वजन बांधलेली बाटली तळाशी सोडली आणि नमुना घेतला. तोवर वसंतरावांना सवय आठवली असावी. हार काढून पिशवीत ठेवत ते म्हणाले, "चला, शेजारी जाऊन येऊ."

लागूनच, चढाच्या बाजूला, एका म्हाताऱ्या बाईंचे घर होते. त्यांच्या परसात लहानशी विहीर होती. वसंतरावांनी नेहमीप्रमाणे पाणी मागितले. बाई म्हणाल्या, "प्यायले देते, पन या विहिरीचं नाही देत. नळावरून आणतो आम्ही लांबून."

"काहून?" वसंतरावांनी विचारले. इकडच्या बायकांशी बोलताना ते त्यांच्यासारखेच बोलू लागत.

"उन्हाळ्यात पिवयं होते पानी. पांढरं लुगडं धुतलं का पिवयं. गाय तोंड लावत नाही त्याले."

"आधी असं होतं काय?"

"नाही जी. थो कारखाना आला ना तिकडं, तवापासून. आता बंद पडला थो."

बाईंनी दाखवलेल्या दिशेला पत्र्याची एक पडकी शेड होती. सायकलींच्या सुट्या भागांना चकाकी आणण्यासाठी तिथे क्रोमचा मुलामा चढवत असत. मालक केव्हाच निघून गेला होता. शेडच्या मागे एक खड्डा होता आणि त्याच्या कडेची माती पिवळी पडली होती. वसंतराव त्या खड्ड्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी मान वळवून उताराकडे पाहिले. तिकडे संस्थेची विहीर होती आणि तिथे अजून चहा चालला होता.

कार्यालयात आल्यावर मी तळाच्या नमुन्यात आम्ल घातले आणि त्यावर एक रसायन टाकले. पाण्यात विषारी क्रोम असेल तर त्यात जांभळा रंग येतो. तसाच आला. पाणी काचेसारखे स्वच्छ, आणि परीक्षानळीत जांभळे. वसंतरावांनी नळी हातात घेऊन खिडकीपाशी नेली. मग खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "पुन्हा नमुना घ्या. शेजारच्या बाईंच्या विहिरीचाही. आणि शालिनीबाई, घरी काही बोलू नका. एकदा मी न तपासता बोललो, आता तपासल्याशिवाय कुणीच बोलायचं नाही."

मला त्यांचा मनस्वी राग आला. घरी बाबा खडूने जमिनीवर स्वयंपाकघर काढत होते. आईला म्हणत होते, "खिडकी इकडं ठेवू. उजेड येईल." आई म्हणे, "आधी घर तर येऊ द्या." आणि मी तिथेच बसून जेवत होते. बोलले असते तर अर्धवट बोलले असते, हे मला पटत होते. तरी ताट अर्धे ठेवून मी उठले.

सगळे नमुने जांभळे झाले. मी म्हणाले, "अहवाल लिहून पाठवू या." त्यावर वसंतरावांनी जे केले, ते मी त्यांच्या सगळ्या कामात मोठे मानते. ते म्हणाले, "कागद पाठवून मी घरी बसू काय? विहिरीवर तोंडानं सांगितलं, सगळ्यांसमोर. तिथंच आणि तसंच मागं घेतलं पाहिजे. लोकांना तिथंच बोलवा."

लोक पुन्हा विहिरीवर जमले. त्यांना वाटले, कागद हाती द्यायला बोलावले असावे. पेढेही आणले होते. वसंतराव विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. हे पाणी प्यायचं नाही. जनावरांनाही पाजू नका." मग मला पुढे बोलावले. मी सर्वांदेखत तळाचे पाणी काढले, नळीत घातले, रसायन टाकले. पाणी जांभळे झाले तशी पुढच्या रांगेतली एक बाई "अगंबाई!" म्हणाली.

सचिव पुढे आले. गृहस्थ वाईट नव्हते, घाबरले होते. हळूच म्हणाले, "साहेब, थोडं जमवून लिहून द्या. म्हणजे, बरं आहे, असं. नळ तर येणारच आहे केव्हा ना केव्हा. एवढ्या लोकांचं घर मोडते हो."

वसंतराव म्हणाले, "नळ येईपर्यंत ही पोरं काय पितील?"

तेवढ्यात माझे बाबा उभे राहिले. "थांब गा," ते सचिवांना म्हणाले आणि वसंतरावांकडे वळले. "साहेब, तुमीच पेले होते ना इथं? सगळ्यायच्या समोर?"

"प्यायलो होतो."

"गोड हाय म्हणाले होते?"

"म्हणालो होतो. माझी जीभ चुकली."

"तुमची जीभ चुकली," बाबा म्हणाले, "अन् आमचं घर गेलं."

वसंतरावांनी मान खाली घातली नाही. बाबांकडे पाहतच म्हणाले, "हो." सबब नाही, पावसाला दोष नाही, शेडवाल्याला शिव्या नाहीत. बाबा माझ्याकडे वळले. "अन् तुले माहीत होतं वं शालू?" मी हो म्हणाले. बाबा पेढ्यांचा पुडा तिथेच सतरंजीवर ठेवून चालू लागले. घरचा खडूचा नकाशा आईने ओल्या फडक्याने पुसला. बाबा माझ्याशी कामापुरते बोलत, वसंतरावांचे नाव मात्र घेत नसत.

या प्रकारानंतर गावात काय बोलले गेले असेल ते सांगायला नको. वसंतरावांनी स्वतःच आपली चूक जाहीर केली असल्याने ती पसरवायला कुणाला फार कष्ट पडले नाहीत. "उमाठ्यांची जीभ आता बोथटली" असे म्हणून काही जुने लोक दुसरीकडे गेले. मी चिडून म्हणाले, "आपण कुणाला फसवलं नाही, हे तरी सांगा कुणाला." त्यांनी फाइलमधून मान वर केली. "सांगून काय होते बाई? त्यांना पाणी लागतं."

आणि ते पाण्याच्या मागे लागले. कुणी सांगितले नव्हते. अहवाल देऊन त्यांची जबाबदारी संपली होती. पण तो सबंध हिवाळा आणि उन्हाळा, दुसरे काम नसेल त्या दिवशी, ते स्कूटरवर मला मागे बसवून त्या भागात जात. घराघरांतल्या विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी पाहत. जमिनीखालचे पाणी कुठून कुठे वाहते ते त्यांना ठरवायचे होते. दूषित पाणी शेडपासून खाली नाल्याकडे उतरत होते. शेडच्या वरच्या अंगाला, रस्त्यापलीकडे, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची भाजीची वाडी होती. तिथले पाणी भर उन्हाळ्यातही नळीत बिनरंगीच राहिले. मी ते पुन्हापुन्हा तपासले, कारण आता मलाच धीर होत नव्हता. वाडीच्या कोपऱ्यात विहीर खणून तिथून पाइप टाकायचा, जुनी विहीर बुजवून टाकायची आणि शेडमागची माती उपसून काढायची, असे त्यांनी आखून दिले. म्हाताऱ्याची समजूत काढायला ते स्वतः कितीदा गेले ते मोजले नाही. तो दर वेळी वांगी देऊन परत पाठवी. आमच्या कार्यालयात तेव्हा रोज वांग्याची भाजी असे. शेवटी एकदाचा म्हातारा हो म्हणाला.

काही लोक संस्था सोडून गेले होते. बाबा सोडून गेले नव्हते. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पाण्याची सोय झाल्यावर संस्थेने जागा घेतली आणि घरे हळूहळू उभी राहिली. खिडकी बाबांनी म्हटले होते तिथेच झाली.

त्यानंतरच्या आमच्या प्रत्येक अहवालाखाली दोन सह्या असत, वसंतरावांची आणि माझी. माझी सही वर. मी म्हणाले, "तुमची वर हवी, तुम्ही ज्येष्ठ." म्हणाले, "आधी तपासणी, मग मत. सह्याही त्याच क्रमानं." पेले मांडून परीक्षा घेण्याचा त्यांचा खेळही बंद झाला. जीभ अजून तशीच तल्लख आहे, हे मला ठाऊक आहे. चहात साखर किंचित कमी पडली तरी ते कपाळाला आठी घालतात.

आमच्या घरप्रवेशाच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली. वसंतरावांना बोलवावे की नाही, हे मी बाबांना विचारले नव्हते. बाबांनी स्वतःच जाऊन बोलावले होते, हे मला वसंतराव दारात दिसले तेव्हा कळले. जमलेली माणसे बाजूला सरली. त्यांतल्या बहुतेकांनी तो विहिरीवरचा दिवस पाहिला होता. बाबा आत गेले, वाडीच्या विहिरीवरून आलेल्या नव्या नळाखाली पितळी पेला भरला आणि बाहेर येऊन वसंतरावांसमोर धरला.

"साहेब," बाबा म्हणाले, "आता सांगा. कसं हाय?"

वसंतरावांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. ओठाला लावला नाही. ते माझ्याकडे वळले आणि विचारले, "बाई, तपासलंय?"

मी म्हणाले, "काल संध्याकाळीच."

मग ते प्यायले. घोटभर नाही, सगळा पेला. रिकामा पेला बाबांच्या हाती देत म्हणाले, "तहान लागली होती."

बाबांनी पेला पुन्हा भरून आणला.

वसंतराव साठ वर्षांचे झाले, बाबा तर त्यांच्याहून बरेच मोठे आहेत. दर रविवारी वसंतराव नंदनवनकडे येतात. दोघे ओट्यावर बसून एकमेकांशी फारसे न बोलता सकाळ घालवतात. पेला आला की वसंतराव अजूनही आधी माझ्याकडे पाहतात, आणि त्यांनी तसे पाहिले की बाबा दर वेळी हसतात. वसंतरावांची प्रकृती अशीच टणक राहो, नजर आणि जीभ शाबूत राहोत. पेला हातात घेऊन ते आणखी पुष्कळ वर्षे "तपासलंय?" असे मला विचारत राहोत. मी तपासून ठेवत जाईन.